छपराचा विमा आणि विश्वासणाऱ्याची साक्ष

पावसाळा तोंडावर आला म्हणजे आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत छपराच्या गोष्टी सुरू होतात. कोणाचें आढें वांकलें, कोणाच्या वाशास वाळवी लागली, कोणाच्या पत्र्याचे हुक गंजले, हें सर्व उपासना सुटल्यावर दारांत उभ्याउभ्यांच बोललें जातें. वांगणी हें गांव कर्जतच्या लोहमार्गावर, बदलापूर व शेलू यांच्या मध्यें, उल्हास नदीच्या खोऱ्यांत आहे; तेथील लोकांस पावसाची ओळख निराळी करून द्यावयास नको. सन 2019 च्या जुलै महिन्यांत, 26 तारखेच्या रात्रीं, बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरानें वेढली गेली आणि दुसऱ्या दिवशीं सुमारें 1,050 उतारूंची सुटका करावी लागली. पुढल्याच वर्षीं, 3 जून 2020 रोजीं, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ शेजारच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यास लागलें व त्यानें असंख्य घरांवरील कौलें व पत्रे उडवून दिले. 17 मे 2021 रोजीं तौक्ते वादळ गुजराथेकडे जातां जातां ठाणें जिल्ह्यासही झोडपून गेलें.

आतां एक गोष्ट डोळ्यांपुढें आणा. समजा कीं, वांगणीजवळच्या एखाद्या वाडींत एक बंधु राहतो. घर स्वतःचें, भिंती विटांच्या, वर वीस पत्रे. घर बांधतांना त्यानें पेढीचें कर्ज काढिलें व त्याच वेळीं घराचा विमाही उतरविला. वळवाच्या वादळांत पुढच्या पाख्याचे नऊ पत्रे उडून शेतांत जाऊन पडले. मागच्या पाख्याचे अकरा पत्रे जागच्या जागीं राहिले. पण ते पूर्वींच गंजून त्यांची चाळण झालेली होती, आणि त्यांखालीं भांडीं मांडून घरच्या माणसांनीं तीन पावसाळे काढले होते. भरपाईच्या अर्जाचा कागद घेऊन तो बंधु मंडळीच्या उपदेशकाकडे येतो व म्हणतो, “मास्तर, सगळे वीसही पत्रे वादळानेंच खराब झाले असें लिहा. तुमचें अक्षर चांगलें आहे, आणि साक्षीदार म्हणून तुमची सही असली म्हणजे साहेब लोक मानतील. कंपनी मोठी आहे, तिचें काय जातें?”

ही विनंती करणारा मनुष्य चोर नाहीं. तो नियमानें प्रार्थनेस येतो, आपल्या कमाईंतून देवाचा वांटा काढून ठेवितो, शेजाऱ्याच्या दुखण्यांत रात्र रात्र बसतो. त्याच्या लेकरांच्या अंगावर पाणी गळतें. म्हणूनच हा प्रश्न कठीण आहे. लबाड मनुष्याच्या लबाडीस उत्तर देणें सोपें असतें. भल्या मनुष्याच्या गरजेस उत्तर देतांना उपदेशकाची लेखणी अडते.

कांहीं वडील बंधु येथें म्हणतील कीं, मुळांत विमा उतरविला हीच चूक झाली. आकाशांतील पांखरांची काळजी वाहणारा पिता असतां उद्यांच्या वादळाची तजवीज आज करणें हा अविश्वास होय. या वडिलांच्या विश्वासाविषयीं आम्हांस आदर आहे, परंतु त्यांच्या तर्काविषयीं नाहीं. जे असें बोलतात तेही मे महिन्यांत घर शाकारतात. शाकारणी ही उद्यांच्या पावसाची तजवीज नव्हे तर काय? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणाऱ्यास आज्ञा आहे कीं, त्यानें धाब्याला कठडा करावा, म्हणजे तेथून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष घरावर येणार नाहीं. देवानें इस्राएल लोकांस असें सांगितलें नाहीं कीं, माझ्यावर भाव ठेवा आणि कठड्यावांचून धाब्यावर निजा. तसेंच मंदिराच्या शिखरावर उभें राहून खालीं उडी टाक, दूत तुला झेलितील, असें जेव्हां सैतानानें सुचविलें, तेव्हां प्रभूनें त्यास विश्वास म्हटलें नाहीं. देवाची परीक्षा पाहणें म्हटलें.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांपैकीं थोड्यांस ठाऊक असेल. सन 1744 मध्यें स्कॉटलंडच्या मंडळीनें आपल्या दिवंगत पाळकांच्या विधवा व अनाथ लेकरें यांसाठीं एक निधि उभारला. रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेब्स्टर हे दोन पाळक त्याचे उत्पादक. हिशेब तपासून देण्यास कॉलिन मॅक्लॉरिन हे गणिती साह्यास आले. दरवर्षीं किती पाळक मरतील, किती विधवा मागें राहतील, याचें गणित मांडून प्रत्येक पाळकानें वर्षास किती भरावें हें त्यांनीं ठरविलें. आजच्या विम्याच्या शास्त्राच्या आरंभींच्या पायऱ्यांपैकीं ही एक होय, आणि ती पाळकांनीं बांधली. याच स्कॉटलंडांतून डॉ. जॉन विल्सन हे 1829 सालीं मुंबईस आले. तेव्हां विमा ही केवळ व्यापाऱ्यांची युक्ति आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

विम्याचें मर्म आमच्या खेड्यांतील मनुष्यास समजणें मुळींच कठीण नाहीं, कारण त्यास सावड ठाऊक आहे. आज तुझ्या शेतांत दहा जण, उद्यां माझ्या शेतांत तेच दहा जण. विमा ही पैशाची सावड आहे. भेद इतकाच कीं, तींतील गडी एकमेकांचीं तोंडें पाहत नाहींत. वांगणीच्या बंधूनें भरलेला हप्ता आणि नागपुराकडील कोणा शिक्षकाचा, मालवणच्या कोणा विधवेचा हप्ता एका राशींत पडतो. ज्याचें छप्पर उडेल त्यास त्या राशींतून मिळतें. “कंपनीचें काय जातें?” या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. कंपनी कितीही मोठी असली व तिचा नफा कितीही असला, तरी खोट्या दाव्याचे पैसे शेवटीं त्याच राशींतून जातात, आणि पुढल्या वर्षींचा हप्ता त्या मालवणच्या विधवेस भरावा लागतो. आपण तिला पाहत नाहीं, म्हणून तिचें काढून घेणें सोपें वाटतें. सावडींत दिवसभर बांधावर बसून सायंकाळीं पानावर पहिला येणाऱ्या गड्यास गांव काय म्हणतो तें सांगावयास नको.

आतां एका विचित्र शब्दाकडे वळूं. वादळ, पूर, भूकंप यांस इंग्रजी कायद्याच्या व विम्याच्या भाषेंत ‘देवाचें कृत्य’ म्हणण्याची जुनी चाल आहे. मराठींत त्याचा ‘दैवी कोप’ होतो. कायदेपंडिताचा हेतु एवढाच कीं, ज्यास कोणा मनुष्याचा हात कारण नाहीं व जें कोणास टाळितां आलें नसतें अशी ती आपत्ति. पण आमच्या मंडळ्यांत या शब्दास भलताच अर्थ चिकटतो. अमक्याचे पत्रे उडाले आणि तमक्याचे राहिले, तेव्हां अमक्याच्या घरांत कांहीं पाप असावें, असें हळूच बोललें जातें. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा प्रश्न करून प्रभूनें स्वतःच ‘नाहीं’ म्हणून सांगितलें आहे. ज्याचें छप्पर गेलें त्याच्या दारीं न्यायाधीश होऊन जाऊं नये. जावयाचें तर दोरी व ताडपत्री घेऊन जावें.

परंतु त्याच शब्दाची दुसरी बाजूही आहे. नऊ पत्रे वादळानें नेले, हें खरें. अकरा पत्रे गंजानें खाल्ले, हेंही तितकेंच खरें. ते अकरा पत्रे वादळाच्या नांवावर लिहिणें म्हणजे जें देवानें केलें नाहीं तें त्याच्या नांवावर मांडणें होय. उपदेशकाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायांत आळसामुळें घर कसें खचतें व गळूं लागतें तें सांगितलें आहे. हें वचन त्या बंधूच्या तोंडावर फेंकावें असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. त्याचे पत्रे आळसानें गंजले कीं दारिद्र्यानें, हें आम्हांस कोठें ठाऊक आहे? एका वर्षीं मुलीचें लग्न, दुसऱ्या वर्षीं आजार, तिसऱ्या वर्षीं काम बंद; पत्र्यास रंग लावणें राहून जातें. गरिबाच्या घरांत जें राहून जातें त्या सर्वांस आळस म्हणणें हेंही एक प्रकारचें खोटें बोलणेंच आहे.

करारांत काय लिहिलें असतें तेंही पाहिलें पाहिजे, कारण पुष्कळ वेळां पाप अज्ञानापासून सुरू होतें. आपल्या देशांत 1 एप्रिल 2021 पासून घरासाठीं ‘भारत गृह रक्षा’ या नांवाचें एकाच नमुन्याचें विमापत्र सर्वसाधारण विमा कंपन्यांनीं द्यावें असें नियामकानें ठरविलें. त्यांत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड इत्यादि आपत्ति नांवें घेऊन सांगितल्या आहेत. जें अकस्मात् घडलें व त्या यादींत आहे त्याची भरपाई. जें हळूहळू झिजलें, गंजलें, कुजलें, त्यासाठीं तो करार नाहीं. विम्याची रक्कम ठरवितांना बांधकामाचा खर्च धरितात, जमिनीची किंमत धरीत नाहींत, कारण जमीन वादळानें उडून जात नाहीं. मोडलेला भाग पूर्वीं जसा होता तसा करण्यास लागणारा खर्च मिळावयाचा; जुन्याच्या ठिकाणीं अधिक चांगलें बांधून घेण्यास नव्हे. भिंती कुडाच्या किंवा छप्पर गवताचें असेल, तर अशा घरास कच्चें बांधकाम म्हणतात. तें विमा घेतेवेळींच सांगितलें पाहिजे, लपवूं नये.

हानि झाल्यावर कंपनीस ताबडतोब कळवावें, आणि हानि प्रथम दृष्टीस पडल्यापासून 30 दिवसांच्या आंत अर्ज भरून द्यावा. पंचनामा होईपर्यंत कशासही हात लावूं नये, असा एक समज आहे. तो अर्धवट आहे. हानि वाढूं नये म्हणून योग्य ती खटपट करणें हें विमेदाराचें कर्तव्यच आहे. ताडपत्री घालावी, धान्य हलवावें. मात्र त्यापूर्वीं छायाचित्रें काढावीं व मोडके पत्रे, फुटकीं कौलें सर्वेक्षक पाहून जाईपर्यंत भंगारवाल्यास देऊं नयेत. सर्वेक्षक हा परवाना असलेला पाहणी करणारा मनुष्य असतो. ताज्या फाटलेल्या पत्र्याची कड व जुन्या गंजाचें भोंक यांतील भेद त्यास कळतो. खोटा दावा उघडकीस आल्यास अकरा पत्र्यांचेच नव्हे, तर नऊ पत्र्यांचेही पैसे बुडतात. पण केवळ पकडले जाऊं म्हणून खरें बोलावें असें आम्ही लिहिलें, तर या पत्राचें कामच काय राहिलें? हनन्या व सप्पीरा यांस शेतच विकण्याची कोणी सक्ति केली नव्हती, आणि विकल्यावरही पैसे त्यांचेच होते. त्यांनीं मंडळीसमोर आकडा खोटा सांगितला, एवढेंच.

सरकारी मदत ही गोष्ट विम्याहून वेगळी आहे. ती सरमिसळ करूं नये. तेथें तलाठी पंचनामा करितो, आणि घराची निदान 15 टक्के पडझड झाली असल्यास अंशतः पडझडीची मदत मिळते. केंद्र सरकारनें 2022 सालीं ठरविलेल्या दरांत ती पक्क्या घरास 6,500 रुपये व कच्च्या घरास 4,000 रुपये होती. या ‘15’ च्या आंकड्यापाशीं पुष्कळ पंचांची कसोटी होते. बारा टक्क्यांचे पंधरा करण्यास लेखणीचा एक फटकारा पुरतो. ज्या उपदेशकास गांव पंच म्हणून बोलावितो, त्यानें तेथें जाण्यापूर्वींच गुडघे टेकावे. तेथें गेल्यावर वेळ मिळत नाहीं.

याच्या उलट दिशेची चूकही आमच्या लोकांत आहे, आणि ती आम्हांस कमी महत्त्वाची वाटत नाहीं. भीड. साहेबानें ‘बसत नाहीं’ म्हटलें कीं आमचा मनुष्य हात जोडून घरीं येतो. नऊ पत्रे खरोखर वादळानें गेले असतां ते मागणें हा लोभ नव्हे. करारानें जें देणें आहे तें मागतांना विश्वासणाऱ्यानें मान खालीं घालण्याचें कारण नाहीं. पौलानेंही आपलें रोमी नागरिकत्व वेळीं पुढें केलेंच. नकार आल्यास तो लेखी व कारणासह मागावा. कंपनीकडे लेखी तक्रार करूनही समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आंत अर्ज करितां येतो. त्यास शुल्क लागत नाहीं व वकीलही लागत नाहीं. खोटे अकरा मागणारा व खरे नऊ सोडून देणारा, हे दोघेही सत्याची किंमत कमीच करितात.

वांगणीच्या उपदेशकांवर येथें एक विशेष काम येऊन पडतें. त्या गांवांत अंध बंधुभगिनींची मोठी वसति आहे. त्यांतील पुष्कळ जण लोकलगाड्यांतून किरकोळ जिन्नस विकून पोट भरितात. त्यांच्याच स्थानकांत 17 एप्रिल 2021 रोजीं एका अंध मातेचें लेकरूं फलाटावरून रुळावर पडलें असतां, समोरून गाडी येत असूनही मयूर शेळके या रेल्वेच्या कामगारानें धांव घेऊन त्यास वर उचललें; आणि बक्षिसाचे 50,000 रुपये मिळाले त्यांतील अर्धे त्यानें त्या मायलेकरांस देऊं केले. त्यानें आपले पाय दिले. आम्हांस निदान डोळे देतां येतील. विमापत्र बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तें अंध मनुष्यास वाचून दाखवितांना ‘अमुक मिळेल’ एवढेंच मोठ्यानें वाचून ‘अमुक मिळणार नाहीं’ हें गिळूं नये. जो दलाल तसें करितो त्यास आपण दोष देतों. मग घाईत असलेल्या उपदेशकास कां सोडावें? भाड्याच्या खोलींत राहणाऱ्यासही हें समजावून द्यावें कीं, छप्पर घरमालकाचें; त्यास विमा घ्यावयाचा तर तो आपल्या सामानाचा.

आतां त्या बंधूकडे परत येऊं; तो कागद घेऊन अजून दारांत उभा आहे. उपदेशकानें काय लिहावें? नऊ. याविषयीं आमच्या मनांत संशय नाहीं. पण तेवढें सांगून दार लावून घेणारा उपदेशक अर्धेंच काम करितो असें आम्हांस वाटतें. खरें लिहिल्यामुळें अकरा पत्र्यांचा खर्च कोणावर पडला? त्या एकट्या गरिबावर. उपदेशकाचें एक दमडीचेंही नुकसान झालें नाहीं, उलट प्रामाणिक म्हणून त्याचें नांव झालें. दुसऱ्याच्या खर्चानें मिळविलेली ही नीति आम्हांस थोडी स्वस्त वाटते. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायांत पौल एकदां म्हणतो कीं, एकमेकांचीं ओझीं वाहा, आणि लगेच पुढें म्हणतो कीं, प्रत्येकानें आपला भार वाहावा. या दोन वचनांचा मेळ कसा घालावा याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमच्या खेड्यांत तो असा बसतो: साक्ष ज्याची त्यानें खरी द्यावी, आणि त्या खऱ्या साक्षीमुळें जो पेचांत सांपडेल त्याचें ओझें साक्ष मागणाऱ्या मंडळीनें उचलावें.

कफर्णहूमांत चौघांनीं आपल्या पक्षाघाती सोबत्यास प्रभूपुढें उतरविण्यासाठीं एका घराचें छप्पर उकललें. रोगी उठून आपली बाज घेऊन घरीं गेला. छपराचें पुढें काय झालें तें मार्कानें लिहिलें नाहीं. त्या चौघांनींच दुसऱ्या दिवशीं येऊन तें नीट करून दिलें असावें, असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे. शास्त्रांत आधार नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी.

तेव्हां उपदेशकानें नऊ पत्र्यांचा अर्ज भरून, छायाचित्रें जोडून, आपली सही करावी. आणि त्याच बैठकींत मंडळीच्या वडिलांस बोलावून मागच्या पाख्याची गोष्ट काढावी. कोणाकडे जुने पण धड पत्रे पडलेले असतील, कोणी सुतारकाम जाणत असेल, कोणी दोन दिवसांची मजुरी सोडील, बायका भाकऱ्यांचें पाहतील, उपकाराच्या दानपेटींतून चार हुक व रिपा येतील. अकरांपैकीं सात पत्रे जरी बदलले तरी लेकरांच्या अंथरुणावरचें पाणी थांबेल. उरलेल्या चारांस डांबर लावून हें एक वर्ष काढितां येईल. तो बंधु प्रथम रागावेल, कदाचित् पुढल्या रविवारीं उपासनेस येणारही नाहीं. त्यानें तसें केलें, तरी शनिवारीं सकाळीं शिडी घेऊन त्याच्या दारीं जावें. वळीव आणि मृग यांच्या मध्यें दिवस थोडे असतात.